ब्रेकबद्दल कोणी बोलत नाही

जुन्या मोटरसायकलींचा विषय निघाला की बुलेटच्या ठोक्यावर पहिला अर्धा तास जातो. मग येझदीचे दोन सायलेन्सर, साडेतीनशे राजदूतचा पिकअप, आरएक्स हंड्रेडचा हलकेपणा. कुणाचे वडील कुठल्या गाडीवर तिघांना बसवून जोतिबाला जायचे, तेही येतं. एवढ्या गप्पांत ब्रेकचं नाव मात्र कोणी काढत नाही. कोल्हापुरात उद्यमनगराच्या कडेला गॅरेज चालवणारे एक मामा ही गोष्ट गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगतात. तीही गिऱ्हाईक नुकतीच घेतलेली जुनी गाडी हार घालून, पेढ्यांचा पुडा घेऊन दाखवायला आलेलं असताना.

मामांचं खरं नाव गल्लीतही फारसं कोणी घेत नाही. पोरसवदा वयात दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये पाने पुसायला लागले, पुढे स्वतःचं शटर उघडलं. सहा व्होल्टच्या मिणमिणत्या दिव्यांच्या गाड्यांपासून ते स्कॅनर जोडल्याशिवाय दुखणं न सांगणाऱ्या गाड्यांपर्यंत सगळ्या पिढ्या त्यांच्या स्टँडवर चढून गेल्या. जुनी चांगली की नवी, हा प्रश्न त्यांना सतत विचारला जातो. "पळवायला कुठली चांगली ते तुमचं तुम्ही ठरवा. थांबवायला कुठली चांगली ते मला इचारा," एवढंच ते म्हणतात आणि हातातल्या कामाकडे वळतात.

त्यांचं हे मत पहिल्या दिवसापासूनचं नाही. तरुणपणी तेही पक्के बुलेटवाले होते, आणि त्याला कारण होतं.

१९५५ साली मद्रास मोटर्सने इंग्लंडमधल्या रेडिचच्या रॉयल एनफिल्डशी हातमिळवणी केली आणि बुलेट मद्रासला जुळवली जाऊ लागली. तिकडे मूळ कंपनी पुढे बंद पडली. इकडे तेच ओतीव लोखंडाचं ३४६ सीसीचं इंजिन एकविसाव्या शतकातही बनत राहिलं. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, स्ट्रोक ९० मिलिमीटर. म्हणजे पिस्टनला लांबचा पल्ला, आणि सोबत जड फ्लायव्हील. ताकद जेमतेम अठरा हॉर्सपॉवरची, पण ती हळू फिरणाऱ्या इंजिनातच मिळते. लोक ज्या ठोक्यावर जीव टाकतात तो या लांब स्ट्रोकचा आणि जड चाकाचा आहे. सायलेन्सरचा हात त्यात नंतरचा.

ही गाडी पेटवणं हीच एक विद्या होती. हाताखाली नवा पोरगा आला की मामा आजही तिथूनच सुरुवात करायला लावतात. कॉक उघडायचा, हवा गार असेल तर चोक द्यायचा, चावी फिरवायची. पॉइंट मिटलेले असतील तर अँमीटरचा काटा एका बाजूला झुकतो. मग किकवर पाय ठेवून ती हळूहळू दाबत जायची आणि डोळे काट्यावर ठेवायचे. एका जागी पायाला जडपणा लागतो आणि काटा टुणकन मध्यावर येतो. पॉइंट उघडले, पिस्टन वर आला. आता डाव्या हाताखालचा डीकॉम्प्रेसर ओढायचा, किक केसभर आणखी खाली न्यायची, डीकॉम्प्रेसर सोडायचा, किक पुन्हा वर येऊ द्यायची आणि मग अंगाचं सगळं वजन टाकायचं. एका किकमध्ये गाडी धडधडायला लागते. हे न करता नुसत्या लाथा मारणारा घामाघूम होतो, आणि टायमिंग पुढे गेलेलं असेल तर किक उलटी येऊन घोटा सुजवून घेतो.

टायमिंग लावायला सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद लागायचा. तो पॉइंटच्या मध्ये धरून इंजिन हळू फिरवायचं. कागद अलगद सुटला की पॉइंट उघडले. पॉइंटची फट फिलर गेजने ०.३५ ते ०.४० मिलिमीटर ठेवायची. टॅपेटला तर गेजही नको. इंजिन थंड असताना पुशरॉड दोन बोटांत धरून फिरवायचा. तो फिरला पाहिजे, पण वरखाली हलता कामा नये. मामांच्या पोरांपैकी काहींना ते आठवड्यात जमलं, काहींना वर्षभर नाही.

अशा गाडीचा मालकही अर्धा मिस्त्री असायचा. गारगोटीकडच्या एका मास्तरांची बुलेट ऐन पावसात गगनबावड्याच्या घाटात बंद पडली. मास्तरांनी डबीतला डिसमिस काढला, पॉइंटचं झाकण उघडलं, रुमालाने ओल टिपली, झाकण लावलं आणि गाडी काढली. मामांकडे आले ते चार दिवसांनी, सहज, गप्पा मारायला. अशी माणसं तेव्हा दर गावात होती. सोबत टूलकिट, एक जास्तीचा प्लग, क्लचची एक केबल, हा त्यांचा दागिना. केबल तुटली तर क्लचशिवाय गिअर टाकत घरापर्यंत येणारेही होते.

आणि जे रस्त्यावर जमत नव्हतं ते उद्यमनगरात जमायचं. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः घडवला, त्या गावात मोटरसायकलचा बुश किंवा व्हॉल्व्ह गाइड लेथवर कातून घेणं ही काय मोठी गोष्ट? ऑइल इंजिनं आणि पंप घडवलेले हात इथे होते. सिलिंडर झिजला की बोअर करायचा, एक साइज मोठा पिस्टन घालायचा, पुन्हा काही वर्षं निश्चिंत. कंपनीचा पार्ट मद्रासहून येईपर्यंत थांबायची पाळी क्वचितच आली.

मग ब्रेकचं काय?

इथे मामा पहिल्यांदा गंभीर होतात. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायात होता आणि मागचा ब्रेक डाव्या पायात. बाकी बहुतेक गाड्यांना याच्या बरोबर उलट. शिवाय त्या चार गिअरच्या पेटीत पहिला गिअर वर उचलायचा आणि पुढचे तीन खाली दाबायचे. आता विचार करा. आयुष्यभर दुसरी गाडी चालवलेला माणूस हौसेने मित्राची जुनी बुलेट घेतो. समोर म्हैस येते. माणूस घाबरून सवयीने उजवा पाय खाली हाणतो. ब्रेक लागत नाहीच, वर गाडी पुढच्या गिअरमध्ये जाते, म्हणजे इंजिनाची जी काही ओढ मागे लागत होती तीही कमी होते. असा एकजण रंकाळ्याच्या वळणावर हँडलसकट कट्ट्यावर गेला होता. हाताला प्लॅस्टर, आणि तक्रार काय, तर "ब्रेक लागत नाही बघा." मामांनी ब्रेक तपासला. लागत होता, जेवढा त्या गाडीला लागतो तेवढा. पुढे कंपनीने गिअर डाव्या पायात आणला तेव्हा जुने बुलेटवाले हळहळले होते. मामा हळहळले नाहीत.

"जेवढा लागतो तेवढा" म्हणजे किती, हे समजायला ड्रम उघडून बघावा लागतो. नुकतीच नव्याने रंगवलेली एक जावा मामांकडे आली होती. टाकीवर क्रोम असं की दाढी करावी. पुढचं चाक काढलं तर ड्रममध्ये काळी भुकटी, आणि लायनर काचेसारखा गुळगुळीत झालेला. मालकाने रंगावर आणि क्रोमवर हजारो रुपये घातले होते. ड्रम कोणी उघडलाच नव्हता. मामांनी जुने लायनर काढून नवे बसवले, त्यांची पुढची धार कानशीने थोडी मारली, कॅमला नखाएवढं ग्रीस लावलं. जास्त लावलं तर तेच ग्रीस तापून लायनरवर उतरतं. मग चाक स्पोकसकट शेजारच्या मोठ्या लेथवर गेलं. ड्रम एकटा कातून नंतर स्पोक भरले की स्पोकांच्या ताणाने तो पुन्हा वाकडा होतो; म्हणून चाक पूर्ण बांधूनच ड्रम आतून साफ करायचा. शेवटी चाक गाडीला चढवलं, ब्रेक घट्ट दाबून धरला आणि मगच ॲक्सलचा नट आवळला, म्हणजे दोन्ही शू ड्रमच्या बरोबर मध्ये बसतात. एवढं सगळं केल्यावर जावाचा पुढचा ब्रेक कसा झाला? बरा झाला. नव्या गाडीच्या डिस्कच्या निम्मासुद्धा नाही, असं मामांचं मत. मालकाला ते पटायला वेळ लागला.

ड्रमचा दोष एकच नाही. लांब उतारावर तो तापतो, तापला की फुगतो, म्हणजे शूपासून दूर जातो. लिव्हर हँडलला टेकेपर्यंत दाबला तरी गाडी निसटत राहते. पावसात आत पाणी गेलं की पहिल्या दोन-चार दाबांना काही लागत नाही आणि मग एकदम लागतं. कोल्हापूरच्या पावसात हे दोन्ही प्रकार एकाच प्रवासात अनुभवता येतात. पुढचा ब्रेक असा बेभरवशाचा असल्यामुळे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या मागच्या ब्रेकवर गाडी थांबवायची सवय लागली. "पुढचा दाबलास तर तोंडावर पडशील," हा उपदेश प्रत्येकाने ऐकलेला आहे. वास्तविक ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं, आणि थांबवायचं मोठं काम पुढचं चाकच करू शकतं.

टू-स्ट्रोक गाड्यांची तऱ्हा आणखी वेगळी. म्हैसूरच्या आयडियल जावाने १९६० च्या सुमारास जावा बनवायला घेतली, १९७३ पासून तीच येझदी नावाने विकली, आणि १९९६ मध्ये कारखाना बंद पडला. इंजिन अडीचशे सीसीचं. किक मारायचा दांडा आणि गिअरचा दांडा एकच. किक मारून झाली की तो पुढे वळवला की गिअर. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळायचं, लिटरमागे चाळीसेक मिली. सायलेन्सरमध्ये कार्बन साठला की गाडी ओढत नाही, मग ते आतले पाइप काढून जाळायचे. हे सगळं हौसेने करणारे लोक होते. पण आंबा घाट उतरताना या गाडीची खरी परीक्षा. फोर-स्ट्रोक गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली की इंजिन स्वतःच गाडी धरून ठेवतं. टू-स्ट्रोकमध्ये ही ओढ फारच कमी. त्यात ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की इंजिनात पेट्रोल जात नाही आणि पेट्रोलसोबत येणारं ऑइलही जात नाही. इंजिन जोरात फिरतंय, वंगण तुटपुंजं. पिस्टन जाम झाला तर मागचं चाक जागच्या जागी अडकतं. म्हणून जाणकार येझदीवाले उतारावरही मधूनमधून ॲक्सिलरेटर द्यायचे आणि दोन बोटं क्लचवर ठेवायचे. काहीजण तर पेट्रोल वाचवायला गाडी न्यूट्रल करून साखरप्यापर्यंत घरंगळत जायचे. त्यांच्याबद्दल मामा जे बोलतात ते छापता येणार नाही.

त्या काळातली सगळ्यात मोठी विसंगती म्हणजे साडेतीनशे राजदूत. यामाहाच्या आरडी ३५० चं हे भारतीय रूप एस्कॉर्ट्सने १९८३ मध्ये आणलं. दोन सिलिंडर, सहा गिअर, जास्त ताकदीच्या मॉडेलला तीस हॉर्सपॉवर. बाकी रस्त्यावर अठरा हॉर्सपॉवरची बुलेट म्हणजे दणकट गाडी समजली जात होती, तेव्हा हे प्रकरण. परदेशातल्या गाडीला पुढे डिस्क ब्रेक होता; आपल्याकडे आली ती ड्रम घेऊन. इंजिन उद्याचं आणि ब्रेक कालचा. आज ती गाडी लाखांत विकली जाते, तिच्या आवाजाचे व्हिडिओ लोक रात्र रात्र बघतात. मामांना तिच्याबद्दल आदर आहे. ती चालवणाऱ्या ओळखीच्या तीन-चारजणांची नावं मात्र ते हळू आवाजात घेतात.

१९८५ च्या आसपास शंभर सीसीच्या जपानी घराण्याच्या गाड्या आल्या आणि गॅरेजचं स्वरूप बदललं. हिरो होंडा सीडी हंड्रेड पेट्रोल पीत नव्हती आणि बिघडतही नव्हती. तिच्यामुळे किती मिस्त्र्यांची रोजची मिळकत कमी झाली याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. आरएक्स हंड्रेड अकरा हॉर्सपॉवरची, वजनाला शंभर किलोच्या आसपास, त्यामुळे उडायची. ब्रेक अर्थात ड्रमच.

डिस्क ब्रेक सर्वसामान्य माणसाच्या हातात आला तो १९९९ च्या सीबीझेडपासून आणि २००१ मध्ये आकुर्डीच्या बजाजने पल्सर काढली तेव्हापासून. ही मामांच्या मते खरी कलाटणी, आणि तिची सुरुवात वाईट झाली. ज्यांचा हात ड्रमवर तयार झाला होता, ते लिव्हर सगळी ताकद लावून दाबायचे. ओल्या डांबरावर पुढचं चाक लॉक, गाडी आडवी. दसऱ्याला घेतलेली गाडी दिवाळीत फोर्क वाकवून मामांकडे. "डिस्कची गाडी घेऊ नका," असा सल्ला त्या दिवसांत काही मिस्त्रीसुद्धा द्यायचे. मामांनी दुसरा मार्ग धरला. गाडी दुरुस्त करून दिली की ते त्या माणसाला मोकळ्या मैदानात नेत आणि दोन बोटांनी, आधी हळू मग वाढवत, ब्रेक दाबायला लावत. त्याचे पैसे ते घेत नसत. काही गिऱ्हाइकं रागावून गेली, कारण "गाडी चालवायला मला शिकवतोय."

२०१२ च्या जानेवारीत ड्यूक २०० आली. चाकणमध्ये बनलेली, पंचवीस हॉर्सपॉवरची. पाठोपाठ ३९०, तेही चाकणहूनच, आणि तिथूनच परदेशात जाणारी: ३७३ सीसी, त्रेचाळीस हॉर्सपॉवरच्या वर, वजन दीडशे किलोच्या किंचित पुढे. जुन्या बुलेटच्या वाट्याला एका हॉर्सपॉवरमागे नऊ किलो वजन यायचं, हिच्या वाट्याला साडेतीन. पुण्याच्या शेजारी बनलेली गाडी कागल-गडहिंग्लजच्या विशीतल्या पोरांच्या हातात हप्त्यावर आली. त्यांच्या वडिलांनी जो वेग जन्मात पाहिला नव्हता तो यांना तिसऱ्या गिअरमध्ये मिळायला लागला.

इथे मामा खडूने गॅरेजच्या फरशीवर आकडे मांडतात. ताशी ६० च्या वेगात माणूस सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जातो. समोर काहीतरी आलंय हे मेंदूला कळून बोटं लिव्हरवर पडेपर्यंत एक सेकंद धरा. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच १७ मीटर गेले. १२० ला ते ३३ होतात. आणि ब्रेकला जी ऊर्जा खायची असते ती वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट, तर ब्रेकचं काम चौपट. नवी गाडी कितीही चांगली असली तरी तो पहिला सेकंद तिच्या हातात नाही, चालवणाऱ्याच्या हातात आहे. हे सांगून झालं की मामा खडूचे आकडे पायाने पुसतात, कारण तिथेच पुढची गाडी उभी करायची असते.

नव्या गाडीवरचा त्यांचा विश्वास पक्का झाला तो एका ऊसकरी पोरामुळे. गळीत हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर रात्री उसाच्या जोड-ट्रॉल्या चालतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. पोरगं एबीएसवाली गाडी घेऊन सकाळी सकाळी आलं.

"मामा, ब्रेक दाबला की लिव्हर थरथरायला लागलाय. डिस्क वाकडी झालीय काय बघा की."

"रोज थरथरतोय?"

"न्हाई. काल रात्री. ट्रॉली आडवी आली, जोरात दाबला तवा."

"पडलास?"

"न्हाई."

"ट्रॉलीला धडकलास?"

"न्हाई वो, थांबली गाडी. हातभर लांब."

"मग गाडी बरी हाय. घरला जा, आणि आईला सांगू नको."

एबीएस म्हणजे काय हे मामांनी त्याला नंतर चहा पिताना सांगितलं. चाकाजवळ एक दातेरी रिंग आणि एक सेन्सर असतो. चाक लॉक होतंय असं दिसलं की यंत्रणा ब्रेकचा दाब क्षणभर सोडते, पुन्हा लावते, सेकंदात कितीतरी वेळा. लिव्हरमधली थरथर तीच. एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीच्या वरच्या नव्या मोटरसायकलींना एबीएस सक्तीचं झालं. काही गाड्यांत ते फक्त पुढच्या चाकाला असतं, मागचं चाक तरीही लॉक होऊ शकतं. हे विकणारे सांगत नाहीत आणि घेणारे विचारत नाहीत. सैल खडीवर एबीएसने गाडी लवकर थांबते असंही नाही, पण ती सरळ राहते. आणि साध्या एबीएसला गाडी वळणात झुकलेली आहे हे कळत नाही. महागड्या गाड्यांत झुकाव मोजणारा सेन्सर असतो, तिथे ती सोयही आहे.

नव्या गाड्यांची बाजू घेताना मामा त्यांची लफडीही झाकत नाहीत. एका गिऱ्हाइकाची गाडी शेताच्या बांधावर बंद पडली. बॅटरी ठीक, पेट्रोल ठीक, प्लग ठीक. टेंपोत घालून आणली. निघालं काय, तर साइड स्टँडच्या स्विचमध्ये चिखल वाळलेला. गाडीला वाटत होतं स्टँड लावलेलाच आहे. पाण्याचा फवारा मारला, गाडी चालू. टेंपोचं भाडं दुरुस्तीच्या कितीतरी पट. पेट्रोल पंप टाकीच्या आत बसलेला असतो; तो गेला तर घाटात रुमाल काढून उपयोग नाही. टॅपेट बघायचे तर टाकी उतरवायची, कॅम उघडायचे, आणि फट कमीजास्त असेल तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेल्या चकत्या बदलायच्या. दोन बोटांचं काम राहिलेलं नाही. बऱ्याच नव्या इंजिनांच्या सिलिंडरला आतून असा कडक थर दिलेला असतो की बोअर करायचा प्रश्नच नाही. झिजला तर अख्खा ब्लॉक बदला. उद्यमनगरातल्या लेथवाल्याकडे जाणारं काम त्यामुळे थांबलं. मामांच्या हाताखालची पोरं आता पार्ट बदलण्यात हुशार आहेत, पार्ट दुरुस्त करण्यात नाहीत. याचं मामांना वाईट वाटतं, आणि ते तसं बोलूनही दाखवतात.

दोनशे हॉर्सपॉवरच्या घरातल्या, हजार सीसी आणि त्यावरच्या गाड्या त्यांच्याकडे क्वचित येतात. 'धूम' आल्यानंतर पोरांच्या वहीच्या पुठ्ठ्यावर दिसणारी हायाबुसा आता जिल्ह्यात प्रत्यक्ष दिसते. अशा गाड्या पहिल्याच गिअरमध्ये शंभरच्या पुढे जातात. पुणे-बेंगळुरू हायवेवर कुठे डिव्हायडर फोडून केलेली वाट, कुठे उलट्या बाजूने येणारा ट्रॅक्टर, कुठे कामासाठी अचानक वळवलेला रस्ता. तिथे ही गाडी दुसऱ्या गिअरच्या पुढे वापरायची जागाच नाही, असं मामांचं स्पष्ट मत. ब्रेकपुरतं बोलायचं तर त्यांना अशा एका गाडीत काय सापडलं ते ऐकण्यासारखं आहे. रविवारी सकाळी दोन तास बाहेर निघणारी गाडी, किलोमीटर कमी, अंगावर ओरखडा नाही. ब्रेकच्या डबीचं झाकण उघडलं तर आतलं फ्लुइड चहाच्या रंगाचं. ब्रेक फ्लुइड हवेतली ओल शोषून घेतं. ओल झालेलं फ्लुइड कमी तापमानाला उकळतं, उकळलं की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि ऐन वेळी लिव्हर मऊ पडतो. गाडी चालो न चालो, साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. मालकाला टायरचा दाब आणि चेनचा स्प्रे माहीत होता; हे माहीत नव्हतं.

गेल्या काही वर्षांत चाक उलटं फिरलं आहे. ज्यांचा जन्म झाला तेव्हा आरएक्स हंड्रेड बनायची थांबली होती, ती पोरं तिच्यासाठी लाखाच्या वर रक्कम मोजतात. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांसाठी केंद्राने २०२१ मध्ये वेगळी नोंदणी आणली, नंबरात 'व्हीए' अक्षरं असलेली. अशी गाडी रोजच्या वापराला मात्र चालत नाही. मामांना हा नियम योग्य वाटतो. प्रदर्शनात मिरवायची गाडी जशीच्या तशी ठेवा, एक स्क्रूही बदलू नका. ऑफिसला नेणार असाल तर मग हट्ट सोडा. जुना टायर, जुने शू, जुनी केबल 'ओरिजिनल' म्हणून ठेवण्यात काही शहाणपण नाही. कार्ब्युरेटरमधली रबरं आणि टाकीचा गंजही आता बघावा लागतो, कारण इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं. आणि मूळ सायलेन्सर काढून फटाके फोडणारा नळकांडा लावायचा असेल तर तो मामांकडे बसत नाही. तो पोलिसांनी रोलरखाली घातलेला त्यांनी पाहिला आहे आणि त्यांना बरं वाटलं होतं.

जुन्या रूपातल्या नव्या गाड्यांना कट्टर लोक नावं ठेवतात. २०१८ मध्ये परत आलेली जावा, नव्या इंजिनाची क्लासिक साडेतीनशे, चाकणला बनणारी ट्रायम्फ स्पीड ४००; बाहेरून आजोबा, आतून नातू. यांच्यात तो जुना ठोका नाही, हे मामांनाही मान्य आहे. तरी स्वतःच्या भाच्याने विचारलं तेव्हा त्यांनी अशीच एक घ्यायला लावली. स्वतःची जुनी बुलेट त्यांनी विकलेली नाही. ती ते चालवतात, सकाळी, रस्ता मोकळा असताना, पन्नासच्या आत.

त्यांच्याकडे जुनी गाडी उभी करायला येणाऱ्या प्रत्येकाला कामाची यादी त्यांच्याच क्रमाने मान्य करावी लागते: आधी दोन्ही ड्रम, मग टायर, मग केबल, मग दिवे, मग इंजिन, आणि रंग सगळ्यात शेवटी. घरात वडिलांची गाडी गोणपाटाखाली झाकून ठेवलेली असेल आणि ती काढायचा विचार असेल, तर किक मारायच्या आधी टायरच्या बाजूला लंबगोल चौकटीतले चार आकडे वाचा. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१२ असेल तर तो २०१२ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर आहे. नक्षी शाबूत दिसली तरी रबर दगड झालेलं असतं. चार आकडे सापडलेच नाहीत तर टायर त्याहूनही जुना समजा. दोन्ही टायर बदला, ड्रम उघडून लायनर बघून घ्या, आणि हे काम मृगाचा पाऊस सुरू व्हायच्या आधी उरका.